केसभर वर

रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, कान तपासायची खोली होती. आत काचेची केबिन, बाहेर यंत्र आणि यंत्रापाशी ती. लोकांच्या कानांत दिवसभर बीप सोडायचे आणि कागदावर ठिपके मांडायचे, हे तिचं काम. सगळा मजला तिला बीपबाई म्हणायचा. सत्ताविसाव्या वर्षीच बाई झाल्याचं तिला वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

त्या सकाळी सातव्या नंबरचा पेशंट केबिनमध्ये बसला. तिशीतला, लांब बोटांचा.

"आवाज आला की बटण दाबा," ती म्हणाली.

त्यानं लगेच दाबलं.

"अहो, मी अजून आवाज दिलाच नाही!"

"तुम्ही माझ्याकडे बघितलंत... मला वाटलं, दाबायचं."

हसू दाबत ती यंत्राकडे वळली. पुढं मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. दोन्ही कानांचे ठिपके घसरत चालले होते. शेवटी तिनं एकच सूर आधी उजव्या कानात सोडला, मग डाव्यात.

"दुसरा जरा खालचा होता," तो म्हणाला.

"नाही हो. दोन्ही एकच."

"पुन्हा लावा."

तिनं तीनदा लावला. तिसऱ्यांदा त्याचा चेहरा पांढराफटक पडला. बारा वर्षं तो नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत होता.

डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. कान हळूहळू जाणार, आणि गेलेलं परत येणार नाही.

जाताना तो तिच्या दाराशी थांबला. "गिटारवर आडव्या पट्ट्या असतात, बोटाला जागा सापडते. व्हायोलिनवर काही म्हणता काही नसतं. बोट कुठं ठेवायचं ते कान सांगतो. माझे दोन कान आता दोन वेगळ्या गोष्टी सांगतात... मला तिसरा कान हवाय."

"मला सुरातलं ओ की ठो कळत नाही."

"शिकवतो."

"सूर दाखवणारं यंत्र मिळतं ना?"

"मिळतं. पण सुईकडे बघत वाजवता येत नाही. आणि यंत्र हसू दाबत नाही."

दर शनिवारी दुपारी ती त्याच्या खोलीवर जाऊ लागली. खाली लॉन्ड्री होती, इस्त्रीची वाफ खिडकीतून वर यायची. त्यानं तिला आपलं जुनं व्हायोलिन दिलं. घरी तिनं ते वाजवायला घेतलं की वडील ओरडायचे, "अरे, त्या दाराला तेल घाला कुणीतरी!" आणि आई सांगायची, "दार नाही हो, आपली लेक आहे."

वैतागून तिनं चोरून बोटांच्या जागांवर कागदाच्या खुणा चिकटवल्या. त्यानं त्या नखानं सोलून काढल्या.

"डोळ्यांनी काय शोधता? आधी सूर मनात म्हणा, मग बोट ठेवा. चुकलं तर सरकवा."

"किती?"

"केसभर वर." त्यानं आपलं बोट तिच्या बोटावर ठेवून किंचित पुढं नेलं... आणि शेजारची, कुणी न छेडलेली तार आपोआप थरथरली. सूर लागला की ती थरथरते, म्हणाला. त्याला आताशा तसंच बघून कळायचं. दोघं त्या तारेकडे बघत राहिले. हात काढायचं कुणालाच सुचलं नाही.

वर्ष गेलं. तिचा कान तयार होत गेला, त्याचे उतरत गेले. तो वाजवायचा, ती सांगायची— चढलाय, उतरलाय— आणि तो बोटांना तेवढं वळण लावून घ्यायचा. नाट्यगृहात कुणाला संशय आला नाही.

मग नवं नाटक आलं. सुरुवातीचा तुकडा त्यानं एकट्यानं वाजवायचा होता. आदल्या शनिवारी तो डोळे मिटून तिच्यासमोर वाजवत होता आणि एकेक सूर चढा लागत होता. पण चेहऱ्यावर इतका आनंद... कित्येक महिन्यांत तिनं तो पाहिला नव्हता.

"कसं झालं?"

"छान," ती म्हणाली.

पहिल्या प्रयोगाला ती प्रेक्षकांत होती. तिसऱ्याच सुराला पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. वाद्यवृंदाच्या संचालकांनी नुसती खूण केली आणि शेजारच्या वादकानं तो तुकडा उचलून पुरा केला. दुसऱ्या दिवशी त्याला सांगण्यात आलं, आता येऊ नका.

ती धावत गेली. त्यानं दारातच विचारलं, "तुम्हाला कळलं होतं?"

"हो... तुम्ही इतके खुशीत होतात, माझी जीभच रेटेना."

"एवढी एकच गोष्ट मागितली होती मी तुमच्याकडे," तो म्हणाला आणि त्यानं दार लावून घेतलं.

चार महिने गेले. शनिवारी दुपारी ती घरीच वाजवायची. आता वडील पेपर बाजूला ठेवून ऐकत. तिला मात्र मधेच रडू फुटायचं.

एका दुपारी तो फेरतपासणीचा कागद घेऊन आला. अंगानं वाळला होता. एका दुकानात वाद्यांना पॉलिश करतो, म्हणाला. तपासणी होईपर्यंत दोघं कामापुरतंच बोलले. मग ती केबिनमध्ये जाऊन त्याच्यासमोर बसली.

"उजवा गेला," ती मोठ्यानं म्हणाली. "डावा फार तर वर्षभर."

"एवढं स्पष्ट?"

"एकदा खोटं बोलले. त्याचं तुम्हाला भोगावं लागलं."

त्यानं कागदाची घडी घातली, उलगडली. "रागाच्या भरात दार लावलं मी. आणि मग दर शनिवारी जिन्याकडे कान लावून बसायचो. याच कानांनी." तो ओशाळं हसला. "पावलं वाजली असतील, तर मला कळलं नाही."

"मी आलेच नाही. धीर झाला नाही." ती उठली. "अजून एक खरं सांगायचं राहिलंय."

खुर्चीला वळसा घालून ती त्याच्या डाव्या बाजूला गेली आणि वाकली.

"तुझ्याशिवाय मला करमत नाही."

बाहेर पुढचा पेशंट खाकरत होता.

"वर्षभरानं मला हे ऐकू येणार नाही," तो हळूच म्हणाला.

"माहितीये. कागद मीच लिहिलाय."

"आणि... मला 'तू' ऐकू आलं. कान चुकला का?"

"नाही," ती म्हणाली. "कान बरोबर आहे."