पूरभिंतीबाहेरचं बाक

विश्वास ठेवायचा की नाही, ते वाचून झाल्यावर तुम्हीच ठरवा. मला एवढंच माहीत आहे की सुयिन खोटं बोलत नाही. ती माझी सख्खी मावसबहीण. आणि यातला शेवटचा भाग तर मी माझ्या कानांनी ऐकलाय.

तैपेई. सातव्या महिन्यातली, म्हणजे मेलेली माणसं मोकळी फिरतात त्या महिन्यातली, वादळाची संध्याकाळ.

आमच्याकडे नदी उंच पूरभिंतीच्या पलीकडे असते. नदीकाठच्या बागा, चालायच्या वाटा, सायकलींचे रस्ते, सगळं भिंतीच्या बाहेर. भिंतीत लोखंडी दरवाजे आहेत. वादळ आलं की ते बंद करतात.

मग जे बाहेर राहिलं, ते नदीचं.

सुयिनचं केस धुण्याचं छोटं दुकान त्या भिंतीला लागूनच आहे. मागच्या दोन खोल्यांत ती आणि तिचे बाबा राहायचे. बाबांनी अख्खी हयात शहरात बस चालवली. गल्ली न् गल्ली पाठ असलेला माणूस. आणि म्हातारपणी त्यांना विसरायचा आजार जडला. जेवलो का, ते आठवेना. घराचा रस्ता आठवेना.

त्या दिवशी सुयिन काचांना चिकटपट्ट्या लावत होती. मागे वळून पाहिलं…

बाबांची खुर्ची रिकामी.

छत्री पण नाही.

ती तशीच रेनकोट चढवून सायकल घेऊन निघाली. शेजारच्या लो मावशींनी दारातूनच हटकलं.

"कुठं निघालीस?"

"बाबा गेलेत. नदीकडेच गेले असणार. रोज तिथंच फिरतो आम्ही."

"अगं, दरवाजे लावतायत. आणि महिना कुठला चाललाय? या महिन्यात पाण्याकडे जाऊ नये, कुणी हाक मारली तर ओ देऊ नये."

"मग बाबांना सोडू का तिथं?"

लो मावशी पायरी उतरून जवळ आल्या. मग हळूच म्हणाल्या, "जा. पण तिथून कुणाला घरी चल म्हणू नकोस. तेवढं लक्षात ठेव."

दरवाजाचं एक दार आधीच लागलं होतं. युआन काका, तिथले राखणदार, शिट्टी फुंकत नदीकाठच्या उरलेल्या गाड्या आत घेत होते.

"काका, बाबा दिसले?"

"या गर्दीत कोण बघतंय पोरी? आणि आता पलीकडे जायचं नाही."

"दहा मिनिटं द्या. हात जोडते."

युआन काकांनी नदीकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"दार मी लावून घेणार. फट ठेवतो. पण पाणी वाटेवर चढलं ना, तर तुझ्यासाठीसुद्धा थांबणार नाही. मागे सगळं शहर आहे."

सुयिन सायकल दामटत सुटली.

रोज संध्याकाळी त्या वाटेवर पाय ठेवायला जागा नसते. पळणारी पोरं, कुत्री फिरवणाऱ्या बायका, पुलाखाली गाणी म्हणणारे म्हातारे. त्या दिवशी एक चिटपाखरू नव्हतं. वारा तोंडावर थपडा मारत होता.

"बाबा… बाबा…"

हाक तोंडातून निघायच्या आत वारा घेऊन जायचा.

झाडं मोडून पडली होती. झोपाळ्यांच्या साखळ्या एकमेकींवर आपटत होत्या. खालचं गवताचं मैदान दिसतच नव्हतं. तिथं नुसतं तपकिरी पाणी… आणि ते सरकत सरकत वर येत होतं.

आणि मग वारा थांबला.

एकदम. कुणीतरी तोंडावर हात ठेवावा तसा.

साखळ्या हलत होत्या… पण वाजत नव्हत्या.

बेडूक नाहीत. पाण्याचा आवाज नाही. स्वतःच्या सायकलचा आवाजही तिला येईना.

फक्त एक आवाज आला. पुलाच्या बाजूने.

बाबा कुणाशी तरी बोलत होते.

"…हो, हो. होतं असं. मलाही नाही आठवत कधी कधी…"

मग थांबले. समोरचा बोलत असताना आपण थांबतो, तसे.

"…नाही नाही. मी आहे ना."

सुयिनने सायकल वळवली. पुलाजवळच्या सिमेंटच्या बाकावर बाबा बसले होते. अगदी एका टोकाला, अंग चोरून. पावसाने नखशिखांत भिजलेले. हातात छत्री होती, पण ती स्वतःवर धरलेलीच नव्हती.

शेजारच्या रिकाम्या जागेवर धरली होती.

आणि त्या रिकाम्या जागेवरून… छत्रीखालून… गढूळ पाणी ठिबकत होतं. थेंब थेंब. ओलं कापड निथळावं तसं.

"बाबा, चला. पाणी आलं."

बाबांनी वर पाहिलं. ओळख नव्हती डोळ्यांत.

"तुम्ही कोण बाई?"

"मी सुयिन. तुमची मुलगी."

"माझी मुलगी लहान आहे. शाळेतून यायचीय." ते शेजारी वळले. "या आजींना घर आठवत नाही. कधीच्या बसल्यात. कुणी न्यायला येतच नाही."

"बाबा, तिथं कुणी नाहीये."

"असं त्यांच्या तोंडावर बोलू नका."

सुयिनने दंड धरून ओढलं. ते उठेनात. पुन्हा ओढलं. बाबांनी तिचा हात झटकला. ती तोल जाऊन पडली, आणि पडली ती पाण्यात. पाणी वाटेवर आलं होतं.

दुरून शिट्टी ऐकू आली. मग पुन्हा. लांबलचक.

तिने बाबांचे पाय धरले. पाया पडली. शिव्या दिल्या. आई कशी गेली ते सांगितलं, तिचं नाव घेतलं. जे जे सुचलं ते सगळं केलं. बाबा एकच म्हणत राहिले.

"मी पण विसरतो ना बाई. मला कुणी असं सोडून गेलं तर?"

पाणी पोटऱ्यांना लागलं.

सुयिन रडत होती. लो मावशींचे शब्द तिला आठवत होते. नीट आठवत होते, असं तिने मला सांगितलं. पण बाबा त्या बाकावरून हलणार नव्हते. आणि त्यांना टाकून ती जाणार नव्हती.

तिने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"आजी," ती म्हणाली, "चला. आमच्या घरी चला."

ठिबकणं थांबलं.

बाबा झटकन उठले. हाताचा आधार देऊन कुणाला तरी उठवावं तसे वाकले. "हळू. इथं बसा, कॅरियरवर. हिला धरा."

आणि सायकल मागून खाली बसली.

चाक दबलं. पुढचं चाक उचलल्यासारखं हलकं झालं. सुयिनने दोन्ही हातांनी हँडल खाली दाबलं आणि ढकलायला लागली. बाबा शेजारून कॅरियरला हात लावून चालत होते. भरल्या पोत्याइतकी जड सायकल. पाणी गुडघ्याला. चप्पल केव्हाच वाहून गेली होती.

मग मागून रेनकोट ओढला गेला.

कुणीतरी तिची कंबर धरली होती. सैलसर. गाडीवर मागे बसलेलं माणूस धरतं तशी. रेनकोटातून, कपड्यांतून गारठा आत शिरला.

तिने मागे वळून पाहिलं नाही.

"हिला सवय नाही हो," बाबा कॅरियरकडे बघून म्हणत होते. "पण पोरगी चांगली आहे."

फट अजून उघडी होती. युआन काका कमरेला दोर बांधून उभे होते.

"या लवकर. तिघंही आत या."

तिघं.

लोखंडी दार मागे धाडकन लागलं. सुयिन भिंतीला टेकून धापा टाकत होती. युआन काका रागातच होते.

"म्हाताऱ्या बाईला अंगावर काही द्यायचं तरी. पायात वहाण नाही तिच्या. कोण ही? तुमच्यातली?"

सुयिनच्या आधी बाबाच म्हणाले, "हो. आमच्यातलीच."

त्या रात्री पाणी भिंतीला अर्ध्यापर्यंत लागलं. पुलाजवळचं बाक गेलं. खालचं सिमेंटसुद्धा राहिलं नाही.

बाबा त्यानंतर एकदाही घरातून निघून गेले नाहीत. आपल्या खोलीत तासन् तास गप्पा मारत बसायचे. जेवायला दोन वाट्या मागायचे. डॉक्टर म्हणाले, तब्येत सुधारली. लो मावशींनी देवळातून माणूस आणला. त्याने उंबऱ्यापर्यंत येऊन आत डोकावलं, आणि पैसे न घेता परत गेला. सुयिनने पुन्हा कुणाला बोलावलं नाही. बाबा हसत होते. तिला तेवढं पुरे होतं.

दोन हिवाळ्यांनी बाबा गेले. झोपेतच.

दिवसकार्य आटोपल्यावर मी सुयिनला म्हटलं, चल माझ्याकडे. एकटी कशाला राहतेस.

"एकटी कुठं," ती म्हणाली.

संध्याकाळ झाली होती. शेवटचं गिऱ्हाईक गेलं. सुयिनने शटर अर्धं ओढलं, स्वच्छ टॉवेल काढला, नळ सोडून मनगटावर पाणी पाहिलं.

"तू जरा मागे जाऊन बस. फार वेळ नाही लागत."

मी मागच्या खोलीत गेले. पडदा ओढला.

केस धुवायच्या खुर्चीचं चामडं करकरलं… कुणीतरी आडवं झालं.

"तिला काढून का देत नाहीस?" असं मी दुपारीच विचारलं होतं. सुयिनने हातातल्या टॉवेलची घडी घातली होती. मग म्हणाली, "बाबांच्या गोष्टी सांगते ती. मला माहीत नसलेल्या. ती गेली तर त्यांच्याबद्दल बोलायला माझ्याकडे कोण उरलं?"

पडद्यापलीकडे पाणी पडत होतं. नदीच्या चिखलाचा वास आला.

"फार गरम नाही ना, आजी?"

 उत्तर येणार नाही, असं मी स्वतःला सांगत होते.

"…थोडं गार कर."

म्हातारा, बारीक आवाज. अगदी साधा.

मी मागच्या दाराने अनवाणी बाहेर पडले ती थेट मोठ्या रस्त्यावर येऊन थांबले.

त्यानंतर मी तिकडे गेलेले नाही. सुयिन फोन करते. आवाज आता फार दमलेला येतो. इकडचं तिकडचं बोलते. ठेवताना मात्र दर वेळी म्हणते,

"ये ना गं एकदा. आजी तुझं नाव घेऊन विचारतात."

मी तिला एकदा विचारलं, नाव कुणी सांगितलं त्यांना?

पलीकडून नळाच्या पाण्याचा आवाज आला…

"मी नाही," सुयिन म्हणाली.