आजीच्या नावाचा लघुग्रह

आयुष्यभर मी दगडावर नावं कोरली. बरीच वर्षं ती मला वाचता येत नव्हती. लोक कागदावर लिहून देत आणि मी चित्र उतरवावं तशी उतरवत असे. चाळिशीत बायकोने अक्षरं शिकवली. पहिला धडा तिच्या स्वतःच्या नावाचा. "दुसऱ्या कुणाचं चुकलं तरी चालेल," ती म्हणायची, "माझं चुकलं तर जेवण नाही." ती गेली तेव्हा तेच नाव मी तिच्या समाधीच्या दगडावर कोरलं.

आमची नात वेधशाळेत आहे. एकदा जेवायला आली ती उड्या मारतच. तिला लघुग्रह सापडला होता, सूर्याभोवती फिरणारा एक खडक.

"आजोबा, आधी त्याला नुसता नंबर मिळतो. फिरायची वाट पक्की कळली, की शोधणाऱ्याने नाव सुचवायचं. स्वतःचं चालत नाही. कुत्र्यामांजरांचं नको म्हणतात. पुढाऱ्यांचं तर ते मेल्यावर शंभर वर्षांनी."

"बरोबर आहे. त्यांचा काय भरवसा!"

"आणि सोळा अक्षरांत बसायला हवं."

"दगडावरही तेवढीच बसतात."

"याची वाट पक्की झाली, मी आजीचं पाठवलंय. का, तेही दोन ओळींत लिहायचं असतं. लिहिलं, हिने एका दगड कोरणाऱ्याला वाचायला शिकवलं."

खडकाला तिचं नाव! आणखी काय हवं होतं?

नाव मंजूर झाल्याचा नातीचा फोन एका सकाळी आला. बायकोला सांगावं म्हणून फडकं आणि पाण्याची बाटली घेऊन मी तिच्या दगडाकडे निघालो.

दगड जागेवर होता. खाली जन्माचं आणि मृत्यूचं साल होतं. वर नाव नव्हतं.

मी वाकून बोटं फिरवली. कोरलेलं घासून काढलं तर खळगा पडतोच, हात कितीही सफाईदार असो. खळगा नव्हता. कडेचं जुनं शेवाळ नावाच्या जागेवरून सलग पुढे गेलं होतं. एवढं शेवाळ धरायला वर्षं लागतात. तिथे छिन्नी कधी लागलीच नव्हती.

घरी येऊन मुलाला विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय?"

"काय बाबा, सकाळी सकाळी परीक्षा?" तो हसला. सांगायला तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं.

मी खडू घेतला. पहिलं वळण कुठून घ्यायचं, हेच हाताला ठाऊक नव्हतं.

नातीला फोन लावला. "त्या लघुग्रहाचं नाव सांग."

"सांगितलं की मघाशी!" ती म्हणाली. मग नावाच्या जागी काहीच आलं नाही. तिच्या खोलीतल्या पंख्याची घरघर मात्र ऐकू येत होती. "ऐकलंत ना?"

"आजीचंच ना ते?"

"आजीचं?" ती घुटमळली. "कुठली आजी?"

"पोरी, आता कुणाचंही नाव पाठवू नकोस."

"अहो, दुसराही सापडलाय, त्याचीही वाट पक्की झालीय! त्याला तुमचं पाठवलं. आज-उद्या कळेल."

"ते मागे घे."

"आजोबा, आनंदाने रडायचं सोडून हे काय?"

फोन ठेवला. मुलगा भिंतीवरच्या फोटोपुढे उभा होता.

"बाबा," तो म्हणाला, "या बाई कोण?"

माझं स्वतःचं नाव मी हातोडीच्या दांड्यावर कोरलं होतं. त्या दिवसापासून हातोडी मांडीवर घेऊन मी दारातल्या बाकावर बसू लागलो. अंगठा अक्षरांवर.

काल दुपारी आत फोन वाजला. सुनेने घेतला.

अंगठ्याखाली लाकूड गुळगुळीत लागलं.

मी खाली पाहिलं नाही.

सून दारात आली. माझ्याकडे बघून अदबीने हसली आणि आत वळून म्हणाली, "अहो, बाहेर एक म्हातारे गृहस्थ बसलेत. त्यांनाही चहा टाकू का?"

"टाक की," मुलगा आतून म्हणाला. "साखर किती, विचार त्यांना."

मी म्हटलं, "बेताची."