ठकीची रेघ

शाळेतून आल्यावर तिला फक्त पाठ टेकायची होती. दिवसभर मुलांना पानांवरून झाडं ओळखायला शिकवून घसा बसला होता; आणि नवरा दारातच मागच्या झाडाचं गाऱ्हाणं घेऊन उभा.

“उद्या तोडणारे येतायत. मुळं भिंतीत शिरलीत. आई ऐकत नाही. तू समजाव ना, तुझाच विषय आहे.”

“म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा नव्या सुनेनं बांधायची?”

“माझं ती ऐकत नाही. माझं मीसुद्धा ऐकत नाही.”

सासूबाई मागच्या पायरीवर वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “त्या झाडावर माझ्या ठकीची उंची आहे गं. तापात गेली, त्याच्या आदल्या आठवड्यात सुरीनं रेघ मारली होती. झाड वाढलं, तशी तीही वर गेली.”

न पाहिलेल्या नणंदेबद्दल काय बोलावं? तिनं आपल्यातल्या शिक्षिकेचाच आधार घेतला.

“आई, झाड शेंड्याकडून उंच होतं. खोड नुसतं जाड होतं. खूण जिथल्या तिथं राहते, फार तर रुंदावते. ठकीताईंची रेघ अजून कमरेएवढीच असेल. तेवढी साल आपण जपून काढून ठेवू.”

सासूबाईंचे हात थांबले.

“मग बघून ये.”

उन्हं कलली होती. झाड वडाच्या भावकीतलं. डहाळीवर पेरापेराला कडं, पान तुटलं की पांढरा चीक. वारा पडलेला, तरी चिकाचा आंबूस वास येत होता.

कमरेएवढ्या उंचीवर रेघ होतीच. रुंद, खरखरीत, मिटलेल्या ओठांसारखी. तिला हायसं वाटलं.

मग त्याच्या वर दुसरी दिसली. तिच्यावर आणखी एक... जितकी वर, तितकी बारीक, तितकी नवी. सगळ्यात वरची अजून पाझरत होती.

त्या वरच्या रेघेच्या उंचीचा अंदाज घ्यावा म्हणून ती खोडाला लागून उभी राहिली. पाठ टेकली. थकलेले डोळे आपोआप मिटले. टाळूवर काहीतरी अलगद येऊन बसलं. पान असेल...

डोळे उघडले. पायाशी पान नव्हतं.

ती घाईनं पायरीशी आली. “आई... वरच्या रेघा...?”

“मी एकच मारली होती.”

आतून नवऱ्याचा आवाज आला. “काय ठरलं?”

“राहू दे झाड.”

“आणि भिंत?”

“भिंत पुन्हा बांधता येते.”

सासूबाईंनी तिला खाली बसवलं, केस चाचपले. टाळूवर चीक होता, ओला. त्यांनी तो पदरानं टिपला.

“ठकी अशीच करायची. स्वतःला मोजायच्या आधी दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायची.” मग अगदी हळू, “परत तिथं पाठ टेकू नकोस हं... तिला हरायला आवडत नाही.”

तेव्हापासून सून घरात जरा वाकून चालते. नवऱ्याला वाटतं, शाळेचा शीण.