नाकारलेले निरोप

ऑफिसात त्याला सगळे पहारेकरी म्हणायचे. शंभरेक संगणकांमधून काय येतं, काय जातं यावर दिवसभर डोळा ठेवायचा, हे त्याचं काम. घरी मात्र दिव्याखाली अंधार. रविवारी सकाळी इंटरनेट रखडलं, माहेरी आलेली लेक करवादली, तेव्हा कुठे त्याने स्वतःच्या संगणकावरची नोंद उघडली.

प्रोसेसर निवांत होता, मेमरी अर्धी रिकामी. नेटवर्कचा आलेख मात्र दर वीस सेकंदांनी टुणकन उडी मारत होता. आतल्या खोलीतल्या संगणकाकडून निरोप येत होता आणि त्याचा संगणक तो दारातूनच परतवत होता. समोर एकच शब्द, नाकारले.

आतला संगणक त्याच्या बायकोचा. तिला जाऊन सात आठवडे झाले होते.

निरोप परतवायचा नियम त्यानेच घातला होता. तो घरून काम करायला लागल्यापासून ती आतून लिहून पाठवायची: चहा घेतोस का, झाकण उघडत नाही, पाच मिनिटं ये ना. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ते पडद्यावर टपकायचं आणि लोक हसायचे. म्हणून त्याने तिच्या संगणकाला आपलं दार बंद केलं. तिला सांगितलं नाही. उगाच रुसवेफुगवे कशाला?

ती गेली त्या दिवशीची नोंद बघायचा धीर त्याला आजवर झाला नव्हता. आता त्याने ती काढली. दुपारी दोन दहा ते पावणेतीन, त्रेचाळीस निरोप, त्रेचाळीस नकार. तो भिंतीपलीकडेच होता, कानांवर हेडफोन चढवून. छातीत कळ आल्यावर तिला हाक मारता आली नसेल. बोटं तेवढी चालली. सगळ्यांना त्याने सांगितलं होतं, झोपेतच गेली.

लेक दारात आली. तिच्या कडेवर आईचा संगणक होता, वायर गुंडाळलेली.

"बाबा, हा मी नेते."

"तू आत्ता काढलास?"

"कालच. रात्रभर माझ्या बॅगेजवळ होता. का?"

आलेखाने उडी मारली. पत्ता बायकोच्याच संगणकाचा. त्याने मान वाकवून पाहिलं, राउटरमध्ये तिची वायर खोचायची जागा रिकामी होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं त्याने मनाला सांगून पाहिलं. मन ऐकेना.

"बाबा, खरं सांग. तिने तुला बोलावलंच नाही?"

आणखी एक उडी.

"नाही गं. झोपेतच गेली."

लेकीने मान हलवली आणि ती खाली गाडीकडे गेली.

त्याने घाईघाईने नियम पुसून टाकला. ये, आता ये.

आलेख सपाट झाला. वीस सेकंद गेले. मिनिट गेलं. मग पाच.

शेवटी त्यानेच लिहिलं, "माझं चुकलं. बोल ना." आणि तिच्या पत्त्यावर पाठवून दिलं.

बंद संगणक कधी नकार देत नाही. तो नुसता गप्प असतो. नकार द्यायला पलीकडे कुणीतरी असावं लागतं, हे त्यानेच कित्येक नवख्यांना शिकवलं होतं.

खिडकीखाली लेक तो संगणक मागच्या सीटवर ठेवून पट्टा लावत होती.

पडद्यावर उत्तर लगेच आलं.

नाकारले.