हिरवा दिवा

लालबागच्या चाळीतून माझी पेटी काढून आणायची, एवढंच काम होतं. सुनंदाकाकू जाऊन चौदा दिवस झाले होते. शेजारच्या गंगाधरकाकांनी कुलूप उघडून दिलं.

ती पेटी मी फार उमेदीने बनवली होती. एकटं राहणारं म्हातारं माणूस पडलं तर मदत मागणार कशी? आतल्या खोलीत मोबाईलला रेंज नाही, पण काकूंचा जुना टेलिफोन होता. म्हणून एका छोट्या मायक्रोकंट्रोलरला मोडेम जोडला. खाटेजवळचं बटण दाबलं की मोडेम माझा नंबर फिरवणार आणि हिरवा दिवा लागणार. दिवा लागला की निरोप पोहोचला, असं मीच काकूंना शिकवलं होतं.

फक्त मोडेमचं उत्तर तपासायचा भाग लिहायचा राहिला होता. मला पेटी लवकर बसवायची घाई होती. नंबर फिरवायचा हुकूम सुटला की दिवा लागायचा, लाईन जिवंत असो वा मेलेली. आणि काकू पडल्या त्या दिवशी रस्ता खणताना टेलिफोनची केबल तुटली होती.

भरदुपारी खोलीत अंधार होता. खाली मसाला कुटणाऱ्या डंकांची धपधप, घशात मिरचीचा खकाणा.

“हाक ऐकून मी आलो होतो रे,” काका हळू म्हणाले. “पडली होती. डॉक्टरला आणतो म्हटलं, तर दिवा दाखवून म्हणते, यतीनला कळलंय... येतोय तो. मग थांबलो आम्ही दोघं.”

“किती वेळ?”

त्यांनी पेटीकडे बोट दाखवलं.

लॅपटॉप जोडून मी पेटीची मेमरी वाचली. बटण तेवीस वेळा दाबलं होतं. प्रत्येक वेळी मोडेमचं एकच उत्तर, कुणीही न वाचलेलं: डायल टोन नाही.

मी लॅपटॉप काढला, पेटीचा प्लग काढला, टेलिफोनची वायर उपटली. तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. या खोलीत, जिथे कधी रेंज नव्हती.

नंबर काकूंचा होता.

कानाला लावला. आत डंकांची धपधप, इथलीच. आणि अगदी जवळ, कुणाचा तरी दमलेला श्वास.

“काकू...”

श्वास थांबला. ऐकत राहिल्यासारखा.

माझ्या हातातल्या पेटीवर हिरवा दिवा लागला होता. गंगाधरकाकांनी तो पाहिला आणि मुकाट्याने खाटेच्या कडेला बसले, बाजूला एका माणसापुरती जागा सोडून.

“आता थांबायचं,” ते म्हणाले. मला नाही.