दुसरं बटण

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल हसावं. पण बंद पडलेल्या बटण-कारखान्याच्या दप्तरखान्यात ती शिरली तेव्हा बाहेर भरदुपारी पाऊस कोसळत होता आणि आत, शिडीवर, तो उभा होता.

"हजेरीच्या वह्या ना? चौथा कप्पा."

"मी अजून मागितल्याच नाहीत..."

"मागणार होतात ना?"

ती माहितीपटासाठी संशोधन करायला शिकत होती. दिग्दर्शिकाबाईंचा दंडकच होता — कागद, फोटो आणि जिवंत माणसाचं तोंड, तिन्ही जुळली तर गोष्ट खरी, नाहीतर बाद.

आठवडाभर ती रोज आली. ती मागेल ते तो काढून द्यायचा. कारखाना बंद पाडणाऱ्या आगीची फाइल तेवढी त्याला सापडत नव्हती. धुळीने तिला सटासट शिंका यायच्या. त्याला एकही नाही.

"बटणांच्या कारखान्यात नोकरी, आणि शर्टाला वरून दुसरं बटण नाही? शोभतं का?"

"लावून देणारं कोणी भेटलं नाही..." तो हसला. "चाळीस वर्षांत."

"फेकू नका. पंचविशीचे तर दिसता!"

"मग तेवढंच धरा."

शनिवारी तो दिसेना, म्हणून तीच शिडीवर चढली. फाइल हाताशीच होती. चाळीस वर्षांपूर्वीची आग. मृत एक : दप्तरखान्यातला कारकून. मागे टाचलेला फोटो — तोच चेहरा, तेच हसू. तिच्या हाताने सवयीने वहीत नोंद केली : "फोटोत दुसरं बटण नाही, त्यावरून ओळख पटली."

ती फाटकाशी गेली. तिथले पहारेकरी काका त्या आगीतून वाचलेले. त्यांनी 'हो' म्हणायचा अवकाश, की तिन्ही पुरावे जुळले...

"काका, दप्तरखान्यात—" तिने तोंड मिटलं. "काही नाही. पाऊस फार आहे, म्हटलं."

"आहे खरा, पोरी." काका तिच्याकडे टक लावून बघत राहिले.

पर्समधला सुईदोरा चाचपत ती माघारी वळली. दप्तरखान्यात तो टेबलाशी उभा होता.

"हलू नका, टोचेल."

"टोचलं तर बरंच..."

दोरा दातांनी तोडायला ती त्याच्या छातीशी वाकली. धडधड ऐकू आली. मग कळलं, ती तिचीच होती.

"तुम्हाला कळलंय," तो पुटपुटला.

"दोनच पुरावे झालेत. तिसऱ्याशिवाय काही खरं नाही."

"तिसरा मी देतो की—"

"तुमचं तोंड चालणार नाही. जिवंत माणसाचं लागतं!"

तो इतका हसला की कपाटांच्या काचा थरथरल्या.

सोमवारी बाईंनी तिने आणलेल्या फाइलमधल्या फोटोवर भिंग धरलं. "काय गं, वहीत लिहितेस बटण नाही. इथे तर आहे! तेही कसं, आडव्यातिडव्या टाक्यांनी लावलेलं. ओळख चुकली तुझी. पुरावा बाद."

"म्हणजे... तो मेला नाही?"

"आपल्या फिल्मपुरता तरी नाही. हसतेस काय? अगं, छत्री न घेता निघालीस कुठे?"

"पुन्हा तपासायला!" ती जिन्यावरून ओरडली. "त्याच्या बाहीचंही एक सैल आहे!"