शेजारी झुकलेली तुळस

गॅलरीचं दार उघडलं आणि तिला एक हात दिसला. नुसता हात.

शेजारच्या गॅलरीतून, मधल्या गजांमधून आत आलेला. बाही कोपरापर्यंत दुमडलेली आणि बोटं थेट आईच्या तुळशीवर. बरं, चोर म्हणावा तर घाई म्हणून नाही. भाजीवाल्याकडे भेंडी निवडावी तशी एकेक पान उलटून पालटून खुडणं चाललं होतं.

"काही मदत करू का?" तिने विचारलं.

हात जागच्या जागी थिजला.

"मी..." पलीकडून घोगरी कुजबुज आली, "घसा बसलाय माझा. फांद्या माझ्या बाजूला झुकल्या होत्या... म्हणून वाटलं..."

"वाटलं, आपल्याच आहेत?"

"वाटलं, तुळस स्वतःहून देतेय."

आता यावर रागवायचं कसं? ती पुढे झाली. गजांपलीकडे नवा भाडेकरू उभा होता. गळ्याला मफलर, विस्कटलेले केस, आणि चेहरा असा की जणू पोलिसांनाच बोलावलंय.

"आमची आई एक पान घ्यायचं तरी आधी तिला हात जोडते. 'घेते गं एक,' असं सांगते. तुम्ही सांगितलंत?"

"आवाज कुठाय..." तो कुजबुजला. "मनात म्हणालो, असं धरा."

तिने ओठ दाबून धरले. हसलं की माणसं डोक्यावर बसतात, हे तिला चष्म्याच्या दुकानात उभं राहून चांगलं ठाऊक झालं होतं. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवायच्या आणि "छान दिसतंय" म्हणायचं, हे तिचं काम. पण समोरच्या ध्यानाला तिने न मागता आणखी चार पानं खुडून दिली. वर आल्याचा तुकडाही दिला.

ही तुळस म्हणजे साधी गोष्ट नव्हती. बाबा गेले त्याच्या थोडंच आधी त्यांनी ती लावली होती. तेव्हापासून आई रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिच्याशेजारी बसायची आणि घरातलं सगळं तिला सांगायची. दुधाचे भाव, सांधेदुखी, धाकटीच्या लग्नाचं नाव नाही, सगळं. आता थोरलीच्या बाळंतपणासाठी आई तिच्याकडे गेली होती. जाताना दारातून परत फिरली आणि म्हणाली, "घर आवरलं नाहीस तरी चालेल. पण तिच्याकडे बघ. तुझ्या बाबांच्या हातचं तेवढंच जिवंत उरलंय माझ्याकडे."

तर अशी ती तुळस. आणि तिची पानं ही बाई शेजाऱ्याला वाटत सुटली होती!

दुसऱ्या दिवशी तिने काढाच करून दिला. भरलेला कप गजांतून देताना सांडला असता, म्हणून कठड्यावर ठेवला. त्याने एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि मोठ्या धैर्याने गिळला.

"कसा आहे?"

"गुणकारी असणार... नक्कीच."

त्या आठवड्यात कठड्यावर रोज एक कप जाऊ लागला. तो कुठे काम करतो हे तिने विचारलं नाही, आणि कुजबुजत कुजबुजत तो तरी किती सांगणार? मग एका संध्याकाळी ती दुकानातून निघून बसस्थानकावर आली आणि भोंग्यातून आवाज आला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..."

तो आवाज! वर्षभर घरी जाताना ती तो ऐकत आली होती. खोल, निवांत, गाडी उशिरा येणार हेसुद्धा असं सांगायचा की चिडावंसं वाटू नये. मधले काही दिवस कुणी चिरकी बाई बोलत होती, आणि आपल्याला कशामुळे चुकल्याचुकल्यासारखं होतंय हे तिला कळत नव्हतं. आज कळलं. उगाच एक गाडी सोडून ती तिथेच बसून राहिली.

त्या रात्री गॅलरीत तोच आवाज गजांपलीकडून आला. "आज काढा नाही का?"

तिच्या हातातली कळशी सुटता सुटता राहिली.

"तुम्ही... ते तुम्ही आहात?"

"कोण मी?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि वळून काढा उकळायला आत पळाली. आधण ठेवलं, आणि पातेल्यात आलं टाकायचंच विसरली. गेली कामातून!

दिवस असे छान चालले होते, आणि तुळस मात्र मान टाकू लागली. आधी खालची पानं पिवळी पडली, मग वरची. माती ओली दिसायची; पण पानं सुकली म्हणजे तहान, एवढंच तिला माहीत. ती रोज संध्याकाळी थोडं जास्त पाणी घालू लागली. आई फोनवर विचारायची, "कशी आहे गं ती?" आणि ही म्हणायची, "मजेत." फोन ठेवला की पुन्हा कुंडीपाशी जाऊन उभी राहायची.

सुट्टीच्या दिवशी ती उशिरा उठली. गॅलरीत पाण्याचा आवाज येत होता. पाहते तर गजांतून तोच हात, आणि हातात मग.

"हे काय करताय?"

"पाणी घालतोय. रोजच घालतो, तुम्ही कामावर गेल्यावर." तो जरा अभिमानानेच म्हणाला. "पानं घेतली होती ना मी. आणि... तुम्ही दमून येता. वाटलं, तेवढंच एक काम कमी."

तिने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, मी रोज संध्याकाळी घालते."

दोघांनी कुंडीकडे पाहिलं. सुकतेय म्हणून तिने वाढवलं होतं, सुकतेय म्हणून त्यानेही वाढवलं होतं. लाडाने बुडवली होती दोघांनी तिला.

"एका शब्दाने विचारायचं तरी," ती म्हणाली. "मला ते काम कमी नको होतं. बाबांची तुळस आहे ती."

तिने दार लावून घेतलं. कुंडी आत आणून उपडी केली. मुळं काळी पडली होती, बोटांत मऊ लागत होती. ती फरशीवर बसून रडली. आईला काय तोंड दाखवायचं?

बऱ्याच वेळाने खिडकीतून आवाज आला. माफी वगैरे काही नाही. "शेंडे अजून हिरवे आहेत. कापून पाण्यात ठेवले तर मुळं फुटतात म्हणे. ऊन माझ्याकडे जास्त येतं. ठेवू का?"

रागावलेल्या माणसाने खरं तर नाही म्हणायला हवं होतं. पण तुळशीपुढे राग किती धरायचा? तिने डोळे पुसले आणि कात्री घेतली.

काचेच्या ग्लासांत शेंडे त्याच्या गॅलरीत उभे राहिले. आता मात्र तो प्रत्येक गोष्ट विचारायचा. पाणी बदलू का, उन्हातून हलवू का. बहुतेक शेंडे काळे पडले. एकाला पांढरं, केसासारखं मूळ फुटलं, तेव्हा त्याने कामावरून फोन केला नाही, घाईघाईने जेवायच्या सुट्टीत थेट चष्म्याच्या दुकानात येऊन सांगितलं आणि धापा टाकत परत गेला. गिऱ्हाईक म्हणालं, "यांना काही सापडलं वाटतं." ती दिवसभर हसत होती.

"आई आली की मीच सांगेन, माझ्यामुळे गेली म्हणून," तिने त्याला बजावलं. "तुम्ही मध्ये पडू नका."

आई आली, आणि हातातली पिशवी खाली न ठेवता थेट गॅलरीत गेली. रिकामी कुंडी पाहून ती तशीच उभी राहिली.

"आई... माझ्यामुळे गेली. पाणी जास्त झालं."

"अर्धंच," गजांपलीकडून आवाज आला. "अर्धं पाणी माझं होतं, काकू. आणि तिला ठाऊक नव्हतं, मी न विचारता घालत होतो. तिला बोलू नका."

आई खुर्चीवर बसली. पदराने डोळे टिपत राहिली. "त्यांचा हात लागला होता गं तिला," एवढंच म्हणाली. मग तिने नाक पुसलं आणि गजांकडे बोट दाखवलं. "हे कोण?"

"शेजारी."

"शेजारी आहे ते दिसतंय मला. कोण आहे?"

लेकीचे कान लाल झाले. आईने ते पाहिलं, मग पलीकडे पाहिलं. तो ग्लास छातीशी धरून उभा होता, आणि ग्लासात बोटभर हिरवा शेंडा.

"हिच्यातलाच आहे?" आईचा आवाज बदलला. "त्यांनी लावलेल्या झाडाचा?"

"हो."

आईने तो गजांतून हातात घेतला, मुळं उजेडात धरून पाहिली, आणि कितीतरी वेळ पाहतच राहिली. मग म्हणाली, "या इकडे. दोघांनी मिळून घालवलीत, आता दोघांनी मिळून लावा. आणि पाण्याला हात लावाल तर बघा. मी चहा ठेवते."

तो आला. दोघं कुंडीपाशी बसली, कोरडी माती चाळत. बोटं मातीत एकमेकांना लागली आणि कुणीच बाजूला घेतली नाहीत.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला, आणि घसा खाकरला. "सगळ्या स्थानकाला ऐकू जाईल असं बोलतो मी दिवसभर. आणि इथे..."

"मग हळू बोल," ती म्हणाली.

'बोल' ऐकून त्याच्या हातातली माती सांडली.

"मला काढा आवडत नाही," तो पुटपुटला. "मुळीच नाही. कडू लागतो. घसा तर केव्हाच बरा झाला होता. तू कप ठेवतेस... म्हणून पीत होतो. तू आवडतेस मला. फार."

ती शेंड्याभोवतीची माती दाबत राहिली, अलगद. तिला इतकं बरं वाटत होतं की मान वर करायची भीती वाटली.

"मलाही," ती म्हणाली. "आणि तुझा आवाज तर तुझ्या आधीपासून."

आतून कपबशा वाजल्या. बाबा गेल्यापासून या घरात सकाळ-संध्याकाळ दोनच कप चहा होत असे. "त्यांना विचार गं," आई म्हणाली, "चहा घेणार का?"

तिने त्याला विचारलं नाही.

"तीन कप ठेव, आई," ती म्हणाली. "आणि उद्यापासून रोजच तीन ठेवत जा."